तळ्यातल्या मुलीचे कपडे

१

रशीदचाचा रोज सकाळी दहाला कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या अरुंद जिन्यानं वर जायचे. खाली बॅटऱ्यांचं दुकान, वर स्टुडिओ. पायताण दाराबाहेर काढायचं, हात धुवायचे, माठातलं पाणी प्यायचं आणि आपल्या खुर्चीत बसून कार्टूनला कपडे घालायला सुरुवात करायची.

हे काम ऐकलं की माणसं हसायची. चाचा राहायचे त्या सदर बाजारात तर हसलीच. चाळीस वर्षं जित्याजागत्या माणसांना कपडे शिवणारा टेलर म्हातारपणी टीव्हीतल्या चित्रांना कपडे घालतो म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण काम खरं होतं. परदेशातली कार्टून आणायची, मराठीत बोलती करायची आणि लहान मुलांच्या एका चॅनेलला द्यायची, असा त्या स्टुडिओचा धंदा. आता तिकडची चित्रं तिकडच्यासारखी. त्यांत कोण अंघोळ करतंय, कोण कुणाचं मुंडकं उडवतंय. मुंबईतलं वरचं ऑफिस ते सगळं आधी बघायचं आणि यादी धाडायचं. हे झाका, ते पुसा.

स्टुडिओ अनुजा चालवायची. तिच्या आईचे ब्लाउज चाचांच्याच हातचे. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांनी काढलेले कपडे चित्राच्या अंगावर पुठ्ठ्यासारखे उभे राहतात, हे बघून तिला चाचा आठवले. कापड अंगावर कसं पडतं, कुठं चुणी येते, हे चाचांएवढं कुणाला कळणार? डोळे अधू झाले म्हणून त्यांनी मशीन सोडलं होतं. पण इथं काचेच्या पाटीवर बोटानं चित्र पाहिजे तेवढं मोठं करता यायचं. त्यावर पेनानं कपडा काढायचा, मधली चित्रं कॉम्प्युटर आपोआप भरून घ्यायचा. प्रत्येक कपडा वेगळ्या थरात, आणि थरापुढं एक डोळ्याची खूण. डोळा मिटला की कपडा गायब, उघडला की परत अंगावर. चाचांना लिहितावाचता येत नव्हतं, पण डोळा मिटलाय का उघडाय हे कळायला शाळा कशाला लागते?

खरा जाच होता तो यादीचा.

"चाचा, तलवार काढायचीय," अनुजा यादी वाचून सांगायची.

"परवाच काढली की. काठी दिली त्याच्या हातात."

"काठीपण नको म्हणत्यात. हिंसा दिसतीय."

"मग देऊ काय?"

"मुळा."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय म्हटलीस?"

"मुळा. भाजी हाय म्हणं. पोरांना भाजीची आवड लागंल."

असे दोन राजे अकरा मिनिटं मुळ्यानं लढले. रक्त लाल होतं, ते हिरवं करायला सांगितलं. हिरवं केलं तर विषासारखं दिसतंय म्हणाले. टोमॅटोचा सॉस केला, तर अन्नाची नासाडी नको म्हणाले. एक पोरगं कौलावरून पडतं, तर ते पडणंच काढून टाकलं. आधी कौलावर, मग एकदम अंगणात.

"मग ह्यो उतरला कसा?"

"जिन्यानं."

"जिना कुठं हाय त्या घराला?"

"चाचा, तुम्ही डबा खावा बघू आता."

चाचा डबा खायचे. चिडले तरी आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त भाकरी जरा जोरात मोडायचे.

२

होळी होऊन गेल्यावर झुळूक आली.

झुळूक म्हणजे तळ्यात राहणारी नऊ-दहा वर्षांची पोर. मूळचं नाव काय होतं कुणास ठाऊक, मराठीत तिला झुळूक केलं होतं. मासे, बेडूक तिचे सवंगडी. दिवसभर पाण्यात सूर मारायची, खिदळायची. अंगावर काही नाही. चित्रकारानं दोन-चार रेघांत काढलेली, त्यात दाखवण्यासारखंही काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. तान्हं पोर अंगणात खेळावं तशी.

तरी कपडा पाहिजेच होता. चाचांनी मनापासून फ्रॉक काढला. कमरेला चुण्या, फुग्याच्या बाह्या, गोल गळ्याला बारीक झालर, बारक्या फुलांचं कापड. पाण्यात शिरली की फ्रॉक फुगायचा, वर आली की अंगाला चिकटून निथळायचा. रोज चार वाजता ती टीव्हीवर लागायची आणि चाचांची नात मेहक घरी टीव्हीपुढं नाचायची. "माझ्या दादांनी शिवलाय तो!" आजोबांना ती दादा म्हणायची. सात वर्षांची. घरात लेक मोहसीन, तो कागलला कारखान्यात, सून शबनम, आणि ही एकुलती एक पोर. चाचा ह्या वयात रोज तो जिना चढायचे ते खरं म्हणजे तिच्या त्या एका वाक्यासाठी.

तीन आठवड्यांनी यादी आली.

"फ्रॉक नको म्हणत्यात."

"का? तोकडा झालाय?"

"शिलाईच्या रेघा थरथरत्यात. दर चित्रात इकडंतिकडं हालत्यात, डोळ्याला तरास होतो. बाह्या नकोत, झालर नको, चुण्या नकोत. आणि रंग बदला."

"कुठला घालू?"

अनुजानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "लाल नको, रक्तासारखा. हिरवा नको, भगवा नको, ते तुम्हाला ठाऊकच हाय. निळा पाण्यात दिसत न्हाय. काळ्याला पोरं भ्यात्यात. गुलाबी अंगासारखा दिसतोय."

"पिवळा?"

"हळदीची नवरी वाटती म्हणं. बालविवाह."

"मग ऱ्हायलं काय अनुजा?"

"पांढरा."

म्हणून त्यांनी फ्रॉकचा डोळा मिटला आणि नवा गाऊन काढला. गाऊन कसला? एक लांब पट्टा, मधे दुमडलेला, दुमडीवर डोकं जाण्यापुरती चीर. पुढं पायापर्यंत, मागं पायापर्यंत. बाजूला शिवण नाही, बाही नाही, गळपट्टी नाही. टेलरच्या जातीला हे शोभतं का, असं पुटपुटत त्यांनी तो पोरीच्या गळ्यात घातला आणि चित्र चालवून बघितलं.

मूळच्या चित्रात ह्या प्रसंगाला झुळूक माशाकडं बघून हसत होती. चाचांना चांगलं आठवत होतं, कारण तो ठिपक्यांचा मासा मेहकच्या आवडीचा. आता मासा होता तिथंच होता. पोर मात्र इकडं बघत होती. काचेतून बाहेर, चाचांच्याकडं.

"अनुजा, हिची मान वळलीय."

"चित्रं मागंपुढं झाली असतील कॉपी करताना. तुम्ही तोंडाला हात लावला न्हाय न्हवं?"

"म्या कशाला लावू?"

"मग ऱ्हाऊ द्या की. यादीत मानेचं काय लिहिलेलं न्हाय."

३

दुसऱ्या यादीत म्हटलं होतं, पाण्यात गाऊन वर होतो, पाय दिसतात, लेगिंग घाला. चाचांनी लेगिंग काढली. ती परत आली. दोन पायांमधली रेघ नको. रेघ नको तर लेगिंग कशी होणार? शेवटी कमरेपासून खाली एक सरळ कापड गुंडाळलं आणि विषय संपवला.

त्या दिवशी दुपारी चाचांनी चित्र चालवलं तेव्हा पोर पोहत नव्हती. तळ्यात होती, पाणी हलत होतं, बेडूक उड्या मारत होते. हिचे दोन्ही हात मात्र अंगालगत सरळ.

चाचांनी चित्र मागं नेलं. परत चालवलं. हात सरळच. आपण हाताला पेन लावलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हातारा झालो म्हणून काय कालचं आठवत नाही? ही हातानं पाणी उडवायची, बेडकाच्या डोळ्यात जायचं, बेडूक शिंकायचा. आता बेडूक उगीचच शिंकत होता.

शेजारच्या खोलीत आवाज भरायचे. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दाराला रबराची पट्टी, मधे काचेची खिडकी. झुळूकचा आवाज काढणारी बाई सकाळीच काम उरकून गेली होती, खोलीत अंधार होता. आणि त्या खोलीतून थेंब पडल्यासारखं ऐकू येत होतं. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

"एसीचं पाणी हाय ओ," अनुजा म्हणाली. "मेकॅनिकला चार फोन केलं. येतो म्हणतोय आणि येत न्हाय मेलं."

चाचांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. फक्त एसी ह्या खोलीत होता, त्या खोलीत नव्हता. हे त्यांना जिना उतरून खाली आल्यावर आठवलं. परत वर जाऊन सांगायचं म्हणजे पुन्हा सगळ्या पायऱ्या. ते घरी गेले.

तिसरी यादी केसांची. ओले मोकळे केस भुतासारखे दिसतात, स्कार्फ बांधा. गाठ दिसायला नको. चाचांनी पांढरा स्कार्फ डोक्यावरून घेऊन दोन्ही पदर छातीवर सोडले. चित्र चालवून बघायचं त्यांनी त्या दिवशी टाळलं. काय बघायचं त्यात? यादी सांगेल तसं करायचं आणि सुटायचं.

४

शनिवारी अर्धा दिवस. बाजार करून चाचा घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. टीव्ही चालू, पण घरात चिडीचूप. गल्लीतली पाच-सहा पोरं भिंतीला टेकून बसलेली आणि मधे दिवाणावर मेहक उताणी, सरळ पडलेली. डोक्याला शबनमची पांढरी ओढणी. हात अंगालगत.

"मेहक! काय झालं गं?"

पोरीनं डोळे उघडले. "झुळूक खेळतोय."

"मग उड्या मारा की. ही कसली झुळूक?"

"ती आता उड्या मारत न्हाय, दादा. बोलतपण न्हाय." मग शेजारच्या पोरांकडं बघून ती हळूच म्हणाली, "आम्हीपण बोलायचं न्हाय."

चाचांनी तिला उठवलं, हात धरून कोपऱ्यावर नेलं, बर्फाचा गोळा घेऊन दिला. काला खट्टा, तिच्या आवडीचा. पोर गोळा हातात धरून उभी राहिली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी तिनं तोंडाला लावला नाही. ही तीच पोर होती जी गोळेवाल्याला दोनदा रस मागायची आणि तिसऱ्यांदा भांडायची.

घरी येऊन ते शबनमला म्हणाले, "टीव्ही बंद ठेव काही दिवस."

शबनम कणीक मळत होती. तिनं हात तसाच ठेवून वर बघितलं. "अब्बा, आधी दंगा करती म्हणून वरडत व्हता. आता गप बसाय लागली तर गप का बसती म्हणून वरडताय. पोरीनं करायचं तरी काय?"

चाचांनी स्वतःच उठून टीव्ही बंद केला. पोरं उठली नाहीत. बंद टीव्हीकडं बघत तशीच बसून राहिली.

रात्रभर त्यांच्या मनात एकच घोळत होतं. आपल्या हातचं काहीतरी ह्या पोरीला बाधतंय. काय ते समजेना.

५

सोमवारी चौथी यादी आली. छातीला पट्टा बांधा.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चाचांचा आवाज चढला. "काय हाय तिथं बांधायला? नऊ वर्षांची पोर हाय! वर गाऊन हाय, त्यावर स्कार्फ हाय. ही माणसं बघत्यात तरी काय? घाण चित्रात हाय का त्यांच्या डोळ्यांत?"

"मला काय विचारताय चाचा? बेल्ट म्हणून लिहिलंय. काखेपासून खाली."

"बेल्ट कमरंला असतो."

"ते मी फोनवर सांगितलं. लिहिलंय तसं करा म्हणाल्या मुंबईच्या मॅडम."

चाचांनी पट्टा काढला. काखेपासून मांड्यांपर्यंत रुंद पांढरं कापड. त्या दिवशी भाकरीचे तुकडे डब्याबाहेर उडाले.

पाचवी यादी गुरुवारी आली. चार वाजता हाच भाग लागणार होता, त्यामुळं अनुजा घाईत होती. "शेवटचं हाय म्हणत्यात. एवढं सगळं घालून कपडे विसंगत दिसत्यात, म्हणून वरनं एक मोठा टॉवेल गुंडाळा. डोक्यापासून पायापर्यंत. तोंड तेवढं उघडं ठेवा."

"टॉवेल," चाचा म्हणाले, आणि पेन उचललं.

आता हे चिडून केलेलं काम. चिडलेला माणूस डोक्यानं काम करत नाही, हातानं करतो. चाचांच्या हातानं चादर काढली. डावी बाजू आधी घेतली, अंगावर दुमडली. मग उजवी बाजू तिच्यावर. डोक्याकडं वीतभर कापड जास्त सोडलं, पायांकडं वीतभर. बांधायला.

आणि पेन थांबलं.

बांधायला? टॉवेलला कोण बांधतं?

मोहल्ल्यात कुणी गेलं की कापड फाडायला चाचांनाच बोलावणं यायचं. पैसे घ्यायचे नसतात, नाही म्हणायचं नसतं. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. सुई लावायची नाही. डावी बाजू आधी, उजवी वर. हे त्यांचे वडील करायचे, त्यांच्याकडून चाचांच्या हातात आलं होतं, आणि डोकं चिडून भलतीकडं गेलेलं असताना हातानं आपलं काम केलं होतं.

त्यांनी थर मोजले. यादीत गाऊन होता, ती कमीज. लेगिंग म्हणजे इजार. स्कार्फ म्हणजे ओढणी. बेल्ट, तो सीनाबंद. टॉवेल म्हणजे चादर.

"अनुजा," ते हळू म्हणाले. "म्या ह्या पोरीला कफन घातलं."

अनुजा आधी हसली. मग त्यांच्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि चाचांनी एकेक कपडा बोटानं दाखवत तिला समजावून सांगितलं.

"पण ते तर तिकडनं आलंय, चाचा. तुम्ही कुठं ठरवलं?"

"त्यांना ठाऊक न्हाय. मला ठाऊक व्हतं. एकेक घातलं म्हणून ध्यानात आलं न्हाय."

अनुजानं चित्र चालवलं. तळं होतं. पाण्याला एक तरंग नव्हता. पोर काठावर उताणी होती, आणि सगळे मासे, सगळे बेडूक पाण्यातून बाहेर येऊन एका बाजूला रांगेत उभे होते. संगीत नव्हतं.

"हे आपण केलेलं न्हाय," अनुजा म्हणाली. "हा प्रसंगच न्हाय ह्यात."

शेजारच्या खोलीत थेंब पडला.

६

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर सहावी यादी आली. एकच ओळ. तोंड झाका.

चाचांनी फोन मागून घेतला. पलीकडं वरच्या ऑफिसातल्या अवंतिका मॅडम होत्या, ज्यांच्या सहीनं सगळ्या याद्या यायच्या.

"मॅडम, मी कोल्हापुरातनं रशीद टेलर बोलतोय. तोंड झाकू नका."

"आजोबा, मुलीचा चेहरा अस्वस्थ करणारा आहे. डोळे सरळ प्रेक्षकाकडं बघतायत. मुलं घाबरतील."

"आणि तोंड झाकल्यावर घाबरणार न्हाईत?"

"झाकल्यावर चेहरा दिसणारच नाही ना."

"अवो बाई, तोंड झाकलं म्हंजे संपलं. त्याच्यापुढं फकस्त उचलायचं ऱ्हातं."

"मला कळलं नाही."

"ती कफनात हाय, मॅडम. पोर जिती हाय आणि कफनात हाय."

पलीकडं बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "कफन यादीत नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आम्ही टॉवेल म्हटलंय. तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या, तोंडाचं आम्ही इथं करून घेतो. फाइल सकाळीच आलीय."

फोन बंद झाला. तीन वाजायला आले होते.

"सकाळी कशी गेली फाइल?" चाचांनी विचारलं. "टॉवेल तर म्या आत्ता काढला."

अनुजानं पाठवलेल्या फाइली परत उघडून बघितल्या.

चाचांनी पाटी पुढं ओढली. त्यांनी ठरवलं. सगळे कपडे काढायचे. चाळीस वर्षांत ज्यानं माप घेतानासुद्धा परक्या बाईकडं मान वर करून बघितलं नाही, त्याला एका पोरीच्या अंगावरचं कापड उतरवायचं म्हणजे काय वाटलं असेल! पण ती पाण्यात उघडी होती तेव्हा हसत होती. तशीच्या तशी पाठवू, म्हणाले, काय व्हायचं ते होऊ दे.

चादरीचा डोळा मिटला. चादर गेली. पट्ट्याचा डोळा मिटला. ओढणी गेली, इजार गेली. शेवटी कमीज राहिली, तिचा डोळा त्यांनी स्वतःचे डोळे मिटून मिटला.

"चाचा," अनुजा म्हणाली. "बघा."

तळं होतं. काठ होता. मासे आणि बेडूक रांगेत होते. कपड्यांखाली पोर नव्हती.

अनुजानं मूळची फाइल उघडली, परदेशातून आलेली, जिला कुणीच हात लावलेला नव्हता. तिथंही तळं, मासे, बेडूक. तिनं पहिला भाग उघडला. दुसरा उघडला. सगळीकडं पाणी उडत होतं, बेडूक शिंकत होता, आणि ज्या जागेकडं सगळे बघत होते ती जागा रिकामी होती.

चाचांनी घरी फोन लावला. "शबनम, टीव्ही लावू नको. आज अजिबात लावू नको."

"बंदच हाय की अब्बा," शबनम झोपेतल्या आवाजात म्हणाली. "पोरं कुठं घरात हायत? बाहेर गेलीत खेळाय."

चाचांना जरा बरं वाटलं. "काय खेळत्यात?"

"मला काय ठाऊक? तुमचं ते बारकं बाजलं मागितलं, घेऊन गेलीत."

७

रिक्षा सदर बाजारच्या तोंडाशी सोडली तेव्हा साडेतीन झाले होते. ऊन असं की डांबर पायताणाला चिकटत होतं. सगळी दारं बंद, आत कूलरची घरघर. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

पोरं समोरूनच आली. आठ-दहा असतील. ओळीत, शांत. पुढच्या चौघांच्या खांद्यावर बाजलं आणि त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. डोक्याकडं गाठ, पायांकडं गाठ. तोंडावरून कापड घेतलेलं.

मेहक कुठाय? त्यांची नजर त्या कापडावरून हलेना. मग बाजल्याच्या पुढच्या उजव्या पायाखाली त्यांना लाल चप्पल दिसली, वेणी दिसली. मेहक. खांद्यावर बाजल्याचा पाय, घामानं केस कपाळाला चिकटलेले, पण उभी, चालती.

"अल्ला," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. पोरांनी उशा गुंडाळल्या असतील. चादरी गुंडाळल्या असतील. पोरंच ती.

मागच्या कोपऱ्याला एक अगदी बारकं पोरगं होतं, त्याचा खांदा पोचत नव्हता. जनाजा वाटेत भेटला की खांदा द्यायचा, ओळखीचा असो नसो, चार पावलं तरी. चाचांचं शरीर विचारायला थांबलं नाही. ते वाकले, त्या पोराला बाजूला केलं आणि बाजल्याचा पाय आपल्या खांद्यावर घेतला.

त्यात उशा नव्हत्या.

वजन पोराचं होतं. चाचांनी आयुष्यात असे तीन-चार लहान जनाजे उचलले होते, ते वजन खांदा विसरत नाही. आणि बाजल्याच्या पट्ट्यांतून पाणी ठिबकत होतं. त्यांच्या सदऱ्यावर. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग एक.

"मेहक, बाळा. खाली ठेवा."

"खाली ठेवायचं नसतं, दादा." तिनं मागं वळून बघितलं नाही.

"कुठं नेताय?"

"जागा केलीय आम्ही."

"हे कोण हाय? मेहक, आत कोण हाय?"

चाचांनी मान वाकडी करून वर बघितलं. त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर, जिथं तोंड असायला पाहिजे तिथं, कापड आत गेलं. मग बाहेर आलं. मग परत आत गेलं.

त्यांनी शबनमला हाक मारली. आवाज कूलरच्या घरघरीत बुडाला. कोपऱ्यावर किराणा दुकानवाले बाळासो गल्ल्याशी पेंगत बसले होते. पावलांच्या चाहुलीनं ते जागे झाले. चाचांनी त्यांच्याकडं बघितलं. आता हे ओरडतील, पोरांना हाकलतील, दोन शिव्या देतील.

बाळासो उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हात जोडून उभे राहिले.

"कोण गेलं ओ चाचा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

चाचांनी खांदा काढून घ्यायचा प्रयत्न केला. तसं बाजलं पुढं घसरलं, सगळा भार मेहकवर गेला आणि तिचे बारके गुडघे मोडल्यासारखे वाकले. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "दादा, सोडू नका."

सोडलं तर पोरीवर. ताठ उभं राहिलं तरी उतार होऊन पोरीवरच. चाचांनी पाठ वाकवली, गुडघे वाकवले, आपला खांदा मेहकच्या खांद्याच्या उंचीला आणला. बाजलं समतोल झालं. वरचं कापड आत गेलं, बाहेर आलं.

पोरं चालू लागली, आणि चाचा त्यांच्या मापाची लहान लहान पावलं टाकत मागोमाग निघाले.